मारिओ घाईत का पळतोय? लहानपणीचा टीव्ही गेम लॅपटॉपवर बसवताना

निळी_शाई | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. गेले आठ दिवस एका गोष्टीत अडकले आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण नेमकं काय चुकतंय हे मलाच शब्दांत पकडता येत नाहीये.

१९९६ च्या दिवाळीत बाबांच्या बोनसमधून आमच्या कोल्हापूरच्या घरी टीव्ही गेम आला. पांढरा डबा, दोन रिमोट, एक गन आणि एक पिवळी कॅसेट. दादा आठवीत, मी पाचवीत. सहामाहीनंतरच्या त्या सुट्टीत आम्ही मारिओ आणि रणगाडे सोडून दुसरं काही केलं नाही. पुढे डबा माळ्यावर गेला, एका पावसाळ्यात पत्रा गळला आणि सगळं गंजून संपलं.

दादा यंदा सहा वर्षांनी दिवाळीला घरी येतोय, नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन. तिला तो गेम दाखवायचा आहे असं तो फोनवर दोनदा बोलला. म्हणून मी लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, बसवायला घेतला. रेट्रोआर्क उतरवलं, त्यात एफसीईयूएमएम नावाचा कोअर (त्या एका यंत्राची नक्कल करणारा भाग) घेतला. गेमची फाइल एका ओळखीच्या मुलाने पेन ड्राइव्हवर दिली. चालू तर झालं, पण हा आमचा मारिओ नाही. सगळं घाईघाईने चाललंय. संगीत पळतंय. पहिल्याच खड्ड्याशी माझी उडी चुकते, आणि तो खड्डा मी डोळे मिटून ओलांडायचे.

आणखी तीन अडचणी आहेत. पळता पळता उडीचं बटण दाबलं की कधी कधी उडीच लागत नाही. बदकांच्या गेमसाठी गनचं काय करायचं ते कळत नाही. आणि ती पेन ड्राइव्हवरची फाइल कुठून आली हे मला माहीत नाही, ते मनाला खटकतंय. दादाच्या लेकीला काही दाखवायचं तर ते सरळ मार्गाने आलेलं असावं.

---

सांगलीकर_७७ | शनिवार, रात्री १०:२०

आधी एक सांगा, रेट्रोआर्क कुठून उतरवलंत? इम्युलेटरच्या नावाने शोधलं की वर दिसणारी निम्मी पानं भलतीच असतात, आणि त्यांच्या इन्स्टॉलरबरोबर दोन-चार नको ती सॉफ्टवेअर घरात शिरतात. माझ्या भाच्याच्या संगणकाचं असंच झालं, शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं. प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, नाहीतर रेट्रोआर्क २०२१ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातही फुकट आहे.

वेगाचं म्हणाल तर तुमचा स्क्रीन १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा असणार. व्हीसिंक आणि ऑडिओ सिंक (गेमचा ताल स्क्रीनशी आणि आवाजाशी जुळवणाऱ्या सोयी) दोन्ही चालू करून बघा, नाहीतर गेम स्क्रीनच्या वेगाने धावतो.

---

निळी_शाई | शनिवार, रात्री ११:०५

मूळ संकेतस्थळावरूनच घेतलंय. स्क्रीन साधा ६० हर्ट्झचा आहे आणि दोन्ही सिंक आधीपासून चालू होते. फरक नाही.

---

एक_नागपूरकर | रविवार, सकाळी ७:४०

ताई, सांगलीकर म्हणतात ते बघाच, पण मला वाटते तुमच्या डोक्यातला वेग बदलला असेल. मी पण मागच्या वर्षी कॉन्ट्रा लावला होता, पहिल्या दिवशी सगळं जोरात पळून राहिलं असं वाटलं. आठ दिवसांत हात बसला. लहानपणीचं अंगण पण मोठं वाटायचं ना, आता जाऊन बघितलं तर लहान दिसते. तसंच असेल.

---

जुना_सोल्डर | रविवार, सकाळी ९:१५

शाईताई, तुमच्या हातांचं काही चुकत नाही आणि आठवणीचंही नाही. तुमच्या घरचा मारिओ खरोखर सावकाश चालायचा. आकड्यांत सांगतो, कारण ही गोष्ट माहीत नसल्यामुळे आपल्याकडची कितीतरी माणसं "हे ते नव्हे" म्हणून इम्युलेटर बंद करून टाकतात.

मूळ यंत्र निन्टेन्डोचं फॅमिली कॉम्प्युटर. जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आलं. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवणारे. मारिओ १९८५ चा, आणि त्यात वेगळं घड्याळ असं काही नाही. टीव्हीवर एक चित्र पूर्ण झालं की गेमचा एक ठोका पडतो. त्या ठोक्यावर मारिओ किती सरकणार, उडी किती वर जाणार, संगीताचा पुढचा सूर कधी लागणार, सगळं ठरतं.

आपले टीव्ही पॅल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं. आपल्याकडे घरोघरी जे डबे होते ते बहुतेक त्या जपानी यंत्राच्या नकला, आणि त्या ५० च्या टीव्हीसाठी बनवलेल्या. गेम मात्र ६० साठी लिहिलेले, जसेच्या तसे कॅसेटमध्ये भरलेले. मग सेकंदाला ६० ऐवजी ५० ठोके. जे काम मूळ यंत्रावर ३० सेकंदांत व्हायचं त्याला तुमच्या घरी ३६ सेकंद लागायचे. इम्युलेटर फाइल बघतो, हा जपान-अमेरिकेचा गेम आहे असं समजतो आणि ६० ने चालवतो. तुमच्या बोटांनी पाठ केलेली उडी ५० ची आहे.

आता यातली खरी गंमत. निन्टेन्डोने युरोपसाठी स्वतःचं पॅल यंत्र काढलं होतं, त्याचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झने चालायचा. मूळ यंत्राचा १.७९ ने. नकला करणाऱ्यांसाठी तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी जे चिप काढले त्यांनी तिसरीच वाट काढली: प्रोसेसर १.७७ वर, म्हणजे जवळपास मूळ वेगाने, पण चित्रं ५० च. मूळ यंत्र एका चित्राला २६२ रेघा मोजायचं, हे ३१२ मोजतं. वाढलेल्या ५० रेघा चित्र संपल्यावर नुसत्या वाट बघण्यात घालवायच्या आणि मग ठोका द्यायचा. त्यामुळे रेघेगणिक प्रोसेसरला मिळणारा वेळ मूळ यंत्राइतकाच राहतो. युरोपच्या यंत्रात हे प्रमाण बदलतं, म्हणून तिथे काही जपानी गेमचं चित्र मधेच फाटतं किंवा थरथरतं. नकलेत ते सुरळीत चालायचे. मी नव्वदच्या दशकात पुण्यात टीव्ही दुरुस्तीचं काम करायचो, असे शेकडो डबे उघडले असतील. बाहेरून स्वस्त प्लॅस्टिक, पण आतला हा विचार ज्याने केला त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे.

इम्युलेटरमध्ये या तिसऱ्या वाटेला "डेंडी" म्हणतात. १९९२ मध्ये रशियात डेंडी नावाने अशीच एक नक्कल विकायला आली आणि घराघरांत पोचली, त्यावरून ते नाव पडलं. तुम्ही घेतलेल्या कोअरमध्ये सोय आहे: गेम चालू असताना क्विक मेनू, त्यात कोअर ऑप्शन्स, त्यात रीजन, आणि तिथे ऑटोच्या जागी डेंडी. मेसेन आणि एफसीईयूएक्स या स्वतंत्र इम्युलेटरमध्येही रीजनखाली तोच शब्द सापडेल.

बदललं की खात्री करायला मारिओच्या पहिल्या पातळीत नुसतं उभं राहा. वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ २४ ठोक्यांना एकने उतरतं. ४०० वरून ३०० वर यायला ४० सेकंद लागले तर अजून ६० च चालू आहे. ४८ लागले तर ५० झालं.

---

एक_नागपूरकर | रविवार, सकाळी १०:०२

काका, मी माझं म्हणणं मागे घेतो. आत्ता डेंडी लावून बघितलं. अठ्ठेचाळीस सेकंद. गेलं वर्षभर मी चुकीच्या वेगावर हात बसवून राहिलो होतो.

---

पेटीवाला | रविवार, दुपारी १२:३०

काकांचा प्रतिसाद तीनदा वाचला. एक विचारतो. डेंडीत प्रोसेसर १.७७, युरोपच्या यंत्रात १.६६. सुरांची उंची त्या प्रोसेसरच्या घड्याळावरून ठरत असेल आणि चाल मात्र टीव्हीच्या ठोक्यांवरून, तर लय आणि पट्टी या दोन गोष्टी वेगवेगळ्या बदलतील. बरोबर ना?

तसं असेल तर तिन्ही यंत्रं कानाने ओळखता आली पाहिजेत. १.७९ वरून १.७७ म्हणजे शेकड्यात साधारण एकाचा फरक, एका स्वराच्या (काळे-पांढरे मिळून मोजलेल्या) अंतराचा साधारण सहावा हिस्सा. लागलेल्या पेटीशी लावून ऐकल्याशिवाय कळणार नाही. १.६६ वर मात्र पट्टी सव्वा स्वराने खाली येईल, काळी दोनचं गाणं पांढरी दोनच्याही जरा खाली उतरेल. म्हणजे एकात लय उतरते आणि पट्टी तीच राहते. दुसऱ्यात लय आणि पट्टी दोन्ही उतरतात.

शाईताई, तुमच्या घरचं जुनं काही ध्वनिमुद्रण आहे का, ज्यात मागे गेम चालू असेल?

---

जुना_सोल्डर | रविवार, दुपारी १:१०

अगदी बरोबर. हे असं लय आणि पट्टीच्या भाषेत मला कधी सुचलं नसतं.

---

निळी_शाई | रविवार, रात्री ९:३०

पेटीवाला, तुमचा प्रश्न वाचून मी उठून आईच्या कपाटाशी गेले.

१९९७ मध्ये दादाच्या वाढदिवसाला बाबांनी टेपरेकॉर्डरवर आमचे आवाज भरून ठेवले होते. गाण्यांच्या कॅसेटची दुसरी बाजू. ती आहे. शेजारच्या काकांकडे अजून चालता टेप आहे, तिथून मोबाइलवर उतरवून घेतली. बाबांचा आवाज आहे, आजी कुणाला तरी शिऱ्यात बेदाणे कमी पडले म्हणतेय, आणि मागे सतत मारिओ. दादा खेळत होता, कारण मधेच पाइपात शिरल्याचा आवाज येतो आणि तळघराचं संगीत सुरू होतं.

मोबाइलच्या घड्याळावर मोजलं. लॅपटॉपवर ३० सेकंदांत जेवढं संगीत वाजतं तेवढ्याला टेपवर ३६ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. चार वेळा मोजलं. पण एक शंका आहे. टेपचा पट्टा जुना आहे, टेपच सावकाश फिरत असेल तर?

---

पेटीवाला | रविवार, रात्री १०:१५

तर पट्टी तुम्हाला सांगेल. टेप एवढी हळू फिरत असती तर लयीबरोबर सूरही खाली आले असते, आणि तेही थोडेथोडके नाहीत. ३० चे ३६ होण्याइतकी टेप मंदावली तर काळे-पांढरे मिळून तीन स्वरांनी खाली उतरेल. बाबांचा आवाज कुंभातून आल्यासारखा लागेल. बाबांचा आवाज बाबांचाच वाटतोय का?

आणि मोबाइलवरचं कुठलंही ट्यूनर ॲप घ्या. टेपवरचा एखादा लांबलेला सूर आणि लॅपटॉपवरचा तोच सूर पडताळा.

---

निळी_शाई | सोमवार, सकाळी ६:५५

बाबांचा आवाज बाबांचाच आहे.

ट्यूनरवर टेपचा सूर लॅपटॉपपेक्षा अगदी किंचित खाली दाखवतो, अर्धा स्वरसुद्धा नाही. रीजन पॅलवर ठेवून ऐकलं तर सूर स्पष्ट खाली जातात, टेपशी जुळत नाहीत. डेंडीवर ठेवलं आणि दोन्ही एकदम सुरू केलं तर बराच वेळ एकत्र चालतात, मग टेप थोडी मागे पडते. म्हणजे आमचा डबा डेंडीवाल्यांतलाच होता. २८ वर्षांनी कळलं की आपल्या घरात नेमकं कुठलं यंत्र होतं.

रात्री पहिला खड्डा पहिल्या झटक्यात पार केला.

---

पहाटवारा | सोमवार, सकाळी १०:४०

छान चाललाय धागा. पण माझं मत थोडं वेगळं आहे, मांडतो.

हा गेम क्योतोत ज्यांनी बनवला त्यांनी ६० वर बसून उडीचा एकेक ठोका घासून गुळगुळीत केला. ५० वर आपण जे खेळलो ती त्यांची चाल नव्हे. युरोपसाठी काढलेल्या अधिकृत मारिओत त्यांनी संगीत आणि हालचालीचे आकडे मुद्दाम बदलले होते, म्हणजे मंदावलेला गेम त्यांनाही मान्य नव्हता. नव्या मुलीला पहिल्यांदा दाखवताय तर मूळ रूपात दाखवावा असं मला मनापासून वाटतं. शिवाय ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ५० चा गेम लावला की सरकतं चित्र बारीक अडखळतं, कारण दर पाचव्या चित्राला एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. ते मला सहन होत नाही.

---

जुना_सोल्डर | सोमवार, दुपारी ३:००

पहाटवारा, अडखळण्याचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर उपाय आहे. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टीव्ही ५० हर्ट्झ घेतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन टीव्हीसाठी ५० निवडा, मग चित्र लोण्यासारखं सरकतं. लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन सहसा ५० देत नाही. टीव्हीवर गेम मोड चालू करायला विसरू नका, नाहीतर टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत उशीर होतो. तरीही उशीर वाटला तर रेट्रोआर्कमध्ये रन-अहेड आहे, ते १ वर ठेवून बघा. त्याहून वाढवायची घाई नको, जास्त झालं की हालचालीतली मधली चित्रं गळायला लागतात.

मूळ रूपाबद्दल मात्र माझं तुमच्याशी जुळत नाही. क्योतोतलं रूप मूळ आहेच. पण ज्याला आपण खेळलो म्हणतो ते या डब्यांवर, आणि त्याचीही नोंद राहिली पाहिजे. रशियातल्या, पोलंडमधल्या लोकांनी त्यांच्या डब्यांचे चिप मोजले, आकडे मांडले, म्हणून आज इम्युलेटरमध्ये तो एक पर्याय आहे. आपल्याकडे तेच यंत्र लाखो घरांत असेल, पण त्याच्याबद्दल मराठीत दोन ओळी सापडत नाहीत. शाईताईंनी टेपवरून जे मोजलं ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

---

पहाटवारा | सोमवार, दुपारी ३:२५

हे मान्य. आणि टीव्हीला ५० वर जोडून अजून कधी बघितलं नव्हतं, आज बघतो.

---

सांगलीकर_७७ | सोमवार, संध्याकाळी ६:१०

वेगाबाबतचा माझा अंदाज चुकला, पण उडी न लागण्याचं कारण मी खात्रीने सांगतो. तो कीबोर्डचा दोष आहे. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं कुठलं ते जाळीला ओळखता येत नाही, मग ती ते गाळून टाकते. उजवा बाण, पळण्याचं आणि उडीचं अशी तुमची तीन बटणं तशा जागी पडली असणार. बटणं बदलून बघा, बाणांऐवजी डाव्या हाताला डब्ल्यू-ए-एस-डी आणि उजव्या हाताला के आणि एल. बहुतेक सुटेल.

त्याहून चांगलं म्हणजे यूएसबीचा वायरवाला गेमपॅड. त्यावर टर्बोही बसवता येतो. आपल्या रिमोटवर ए-बी च्या वरती ती दोन जादा बटणं असायची ना, दाबून धरलं की सटासट गोळ्या, तीच.

गनसाठी मेसेन सोपा पडेल. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या पोर्टवर झॅपर निवडा, माऊस म्हणजे गन. खरी जुनी गन कुठून मिळाली तरी आजच्या टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवायचा, गनच्या नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधायचा. आजचा टीव्ही तो चौकोन उशिरा दाखवतो, तोवर गेमने "नेम चुकला" असं ठरवलेलं असतं. इम्युलेटरला उजेड लागत नाही, माऊसच्या टोकाखालचा ठिपका किती पांढरा आहे ते तो थेट चित्रातून वाचतो.

---

काळा_कोट | सोमवार, रात्री ९:४५

फाइलच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. आधीच सांगतो की धाग्यात गेमच्या फाइलींचे दुवे कुणी देऊ नयेत.

इम्युलेटर स्वतः बेकायदा नाही. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात, यंत्र समजून घेऊन स्वतःचा इम्युलेटर लिहिण्यासाठी केलेली मधली नक्कल न्यायालयाने योग्य वापरात धरली. प्रश्न गेमचा आहे. १९८५ चा गेम आजही हक्कांखाली आहे. तो दुकानात मिळत नाही म्हणून हक्क संपत नाहीत.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१) (एए) आहे. संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला, ज्या कामासाठी ती मिळाली त्या कामासाठी वापरायला किंवा नष्ट होण्याच्या भीतीने राखीव म्हणून, त्याच प्रतीवरून नक्कल करता येते. "त्याच प्रतीवरून" हे शब्द महत्त्वाचे. माझ्याकडे कॅसेट आहे म्हणून मी फाइल इंटरनेटवरून उतरवतो, हे त्यात बसत नाही असं माझं वाचन आहे. आणि आपल्या पिवळ्या "इतके इन १" कॅसेट मुळातच परवानगीशिवाय भरलेल्या होत्या, त्यांचा आधार घेता येईल असं मला वाटत नाही.

शाईताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच खटकलं. मूळ कॅसेट मिळवून तिच्यातून स्वतः फाइल काढणं हा स्वच्छ मार्ग. तोवर हात बसवायला, बनवणाऱ्यांनी स्वतःच फुकट वाटलेले नवे गेम आहेत. अल्टर इगो आणि नोव्हा द स्क्विरल हे दोन माझ्या मुलांना फार आवडतात.

---

ओसाकाहून | मंगळवार, पहाटे ५:२०

नमस्कार, गेली अकरा वर्षं इथे आहे. निप्पोनबाशीच्या देन-देन टाउनमध्ये जुन्या गेमची दुकानं आहेत, तिथे मारिओच्या मूळ फॅमिकॉम (म्हणजे फॅमिली कॉम्प्युटरच्या) कॅसेट आजही टोपलीत पडलेल्या असतात, खोका नसलेल्या अगदी स्वस्त. गेम १३ सप्टेंबर १९८५ ला इथेच निघाला. मी वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुण्यात येतोय, एक घेऊन येतो.

फाइल कशी काढायची ते मात्र मला येत नाही.

---

जुना_सोल्डर | मंगळवार, सकाळी ८:०५

ते माझ्याकडे सोपवा. आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर बनवलेला, कॅसेटमधला मजकूर वाचणारा कार्ट रीडर माझ्याकडे आहे, त्याची रचना खुली आहे, मी दोन वर्षांपूर्वी घरी जोडला. जपानी कॅसेटला ६० पिना, अमेरिकन कॅसेटला ७२, त्यामुळे मधे एक ॲडॅप्टर लागतो, तोही आहे.

ओसाकाहून, कॅसेट आणल्यावर पिनांवर फुंकू नका, एवढी विनंती. आपण सगळ्यांनी लहानपणी तेच केलं, पण श्वासातल्या ओलाव्याने पिना काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस जरा ओला करून पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

मारिओची कॅसेट अगदी साधी आहे. एका चिपमध्ये ३२ किलोबाइट प्रोग्रॅम, दुसऱ्यात ८ किलोबाइट चित्रं. दोन्ही वाचायचे, जोडायचे, पुढे १६ बाइटचं एक शीर्षक लावायचं, ज्यात कुठल्या चिपमध्ये किती माल आहे हे इम्युलेटरला सांगितलेलं असतं. फाइल ४०,९७६ बाइटची भरली पाहिजे. एवढ्याशा जागेत बत्तीस पातळ्या, सगळं संगीत, पोहणं, किल्ले. आजच्या मोबाइलवरच्या एका फोटोत असे पन्नास मारिओ मावतील.

---

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ८:३०

काय बोलू. ओसाकाहून, कॅसेटचे आणि येण्याजाण्याचे पैसे मी देणार, नाही म्हणू नका. काका, मी धनत्रयोदशीला पुण्याला येते. पेन ड्राइव्हवरची फाइल आत्ताच काढून टाकली.

---

एक_नागपूरकर | मंगळवार, सकाळी ९:१५

अवांतर: दादा कॉन्ट्रा खेळत असतील तर तीस जिवांची किल्ली त्यांना नक्की पाठ असेल. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए. ही किल्ली आधी १९८६ च्या ग्रॅडियसमध्ये आली होती, तो गेम तपासताना स्वतःलाच जड जायला लागला म्हणून ते गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती घातली. ते २०२० मध्ये गेले. मी त्या दिवशी कॉन्ट्रा लावून एकदा ती किल्ली दाबली होती.

---

निळी_शाई | भाऊबीज, रात्री ११:४०

मंडळी, वृत्तान्त.

धनत्रयोदशीला काकांच्या घरी फाइल काढली. ४०,९७६. पहिल्या वेळी रीडरने चूक दाखवली, एक पिन काळी होती. पुसून पुन्हा लावली आणि निघाली. काकूंनी चिवड्याचा डबा बरोबर दिला.

घरी टीव्ही ५० हर्ट्झवर आणि गेम मोडवर, यूएसबीचे दोन गेमपॅड, मेसेन डेंडीवर. दादाला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी मुद्दाम आधी ६० वर लावून दिलं. तो खेळला, पहिल्या खड्ड्यात पडला, मग दुसऱ्यात, आणि म्हणाला, "सवय गेली." मी काही न बोलता रीजन बदललं आणि परत त्याच्या हातात दिलं. यावेळी तो थांबलाच नाही. पाइपात शिरला, तळघरातली नाणी घेतली, झेंड्याच्या टोकावर उडी मारली. मग गेमपॅड खाली ठेवून मला म्हणाला, "तू काय केलंस?"

त्याला टेप ऐकवली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

लेकीला मात्र ६० चाच आवडला, ५० वर मारिओ पाण्यात चालल्यासारखा वाटतो म्हणाली. पहाटवारा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. आता डेस्कटॉपवर दोघांचे दोन वेगळे शॉर्टकट आहेत.

एक प्रश्न उरलाय. दादा ठाम सांगतोय की आपल्या टीव्हीवर मारिओचं आकाश इतकं जांभळट नव्हतं, निळं होतं. मला आठवत नाही, आमचा टीव्ही १९९५ पर्यंत कृष्णधवल होता आणि रंगाचं मी तेव्हा फार बघितलं नाही. वेगासारखं यातही काही खरं असेल का?

---

जुना_सोल्डर | पाडव्यानंतरचा शनिवार, सकाळी ८:२०

असेल. त्या यंत्रात रंग लाल-हिरवा-निळा अशा आकड्यांत नव्हतेच, चिप थेट टीव्हीचा सिग्नल तयार करायचा आणि रंग कुठला दिसणार हे टीव्ही ठरवायचा. इम्युलेटर ६४ रंगांचा एक तक्ता वापरतो, मेसेनमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पॅलेट म्हणून सापडेल, तो बदलता येतो. नकलेच्या पॅल सिग्नलवर आकाश कुठल्या बाजूला झुकायचं हे मोजायला चालू डबा आणि जुना काचेचा टीव्ही एकत्र लागेल. टीव्ही माझ्याकडे आहे. चालू डबा कुणाकडे असेल तर कळवा.

---

सांगलीकर_७७ | शनिवार, सकाळी ११:००

सासुरवाडीला माळ्यावर एक आहे, डब्याचा अ‍ॅडॅप्टर बिघडलाय पण बाकी शाबूत. पुढच्या रविवारी घेऊन येऊ का?